बाराखडी राहू द्या, आधी 'नको' शिकवा

'माझा मुलगा मे महिन्यात सहा वर्षांचा होईल. चौथ्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम (स्वमग्नता) सांगितला. मोजके शब्द बोलतो, बाकी टीव्हीवरच्या जाहिराती आणि एसटी स्टँडवरच्या घोषणा जशाच्या तशा म्हणत राहतो. शंभरपर्यंत आकडे ओळखतो. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली जातो. गावातल्या इंग्रजी शाळेनं "याला विशेष शाळेत घाला" असं तोंडी सांगून परत पाठवलं. जिल्हा परिषद शाळेच्या बाई म्हणाल्या, "आणा, पण सुरुवातीला तुम्ही सोबत बसा." यजमानांचं म्हणणं, एक वर्ष घरीच ठेवू, एका जागी बसायला आणि अक्षरं गिरवायला शिकला की घालू. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. शाळेच्या मागून कालवा जातो, त्याचीही धास्ती वाटते. जूनमध्ये पाठवू का? पाठवायचं तर या दोन महिन्यांत त्याच्याकडून काय करून घेऊ?'
— एक आई, फलटण तालुका

प्रिय ताई,

जूनमध्ये पाठवा. आणि ज्या बाई 'आणा' म्हणाल्या, त्यांच्याच वर्गात पाठवा.

यजमानांची काळजी मला समजते. पण एका जागी बसता येणं ही शाळेत जाण्याची अट नाही, ते शाळेत गेल्यावर हळूहळू जमणारं काम आहे. घरी तो पाटी घेऊन तुमच्यासमोर तासभर बसला, तरी पंचवीस-तीस मुलांचा गलका, घंटा, बाईंनी सगळ्यांना मिळून दिलेली सूचना, यांतलं काहीच त्याला घरात भेटणार नाही. ऑटिझम असलेल्या मुलांना एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वापरणं अवघड जातं. घरी नीट जाणारं मूल शाळेच्या शौचालयाच्या दारात अडून बसतं ते यामुळेच. वर्षभर थांबलात तर तो सात वर्षांचा होईल, आणि शाळेचा पहिला दिवस त्याला तेवढाच अनोळखी असेल.

इंग्रजी शाळेनं जे तोंडी सांगितलं ते लेखी मागा, देणार नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यांत आहे. सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, असं त्याच्या १६व्या कलमात म्हटलंय. प्रवेशासाठी मुलाची चाळणी घ्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच मनाई आहे. तुमच्याकडे दुसरी शाळाच नसती, तर मी तुम्हाला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथं दाद लागली नाही तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करायला सांगितलं असतं. तो मार्ग तुम्हाला आजही मोकळा आहे. पण हाताशी असलेले दोन महिने मी त्यात घालवणार नाही. पहिलीच्या मुलासाठी इमारत, माध्यम, फी या सगळ्यांपेक्षा त्याला वर्गात हवं म्हणणारी शिक्षिका मोठी, असं माझं ठाम मत आहे. ती तुम्हाला मिळाली आहे.

आता तयारी. अक्षरं गिरवून घेणं आजपासून थांबवा. आकडे ओळखणारा मुलगा अक्षरंही ओळखेल, ते काम बाईंचं आहे. तुमचं काम त्याला मागणं सांगायला शिकवणं. पाणी, शू, मदत, बास, नको. या पाच गोष्टी त्याला कुणालाही सांगता आल्या पाहिजेत, तोंडानं, खुणेनं किंवा चित्रानं. कशानंही चालेल.

यातही 'नको' पहिलं. ज्या मुलाला नको म्हणता येत नाही ते मूल चावतं, ढकलतं, जमिनीवर लोळतं किंवा पळून जातं, आणि मग शाळा त्याला आक्रमक म्हणते. म्हणून घरी रोज 'नको' म्हणायच्या सोप्या संधी द्या. त्याला न आवडणारी भाजी पुढे करा, त्यानं 'नको'चं कार्ड दिलं किंवा हात आडवा केला की ताट लगेच मागे घ्या. 'एक घास तरी खा' म्हणू नका. सुरुवातीचे काही आठवडे त्याचा प्रत्येक नकार मानला गेला पाहिजे, तरच कार्ड देऊन उपयोग होतो हे त्याला पटेल. थांबणं, थोडं सोसणं हे त्यानंतर शिकवता येतं. औषध, रस्ता ओलांडताना धरलेला हात असल्या गोष्टींत नकार मानता येत नाही, म्हणून तिथे कार्ड पुढे करूच नका.

कार्डं घरीच करा. बाजारातल्या चित्रांपेक्षा मोबाइलवर काढलेला शाळेतल्या नळाचा, शाळेच्या शौचालयाच्या दाराचा फोटो चांगला. झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढा, लॅमिनेट करा, भोक पाडून कडीत अडकवा. शिकवताना दोघं लागतात. एकानं त्याची आवडती वस्तू घेऊन समोर बसायचं, दुसऱ्यानं त्याच्या मागे बसून, काही न बोलता, त्याचा हात धरून कार्ड समोरच्याच्या हातात द्यायला लावायचं. कार्ड हातात पडताक्षणी वस्तू त्याला मिळाली पाहिजे. मागच्याचा आधार हळूहळू कमी करायचा. अमेरिकेत १९८५ मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी बसवलेली ही पद्धत आहे. चित्राकडे नुसतं बोट दाखवून भागत नाही, ते कुणाच्या तरी हातात नेऊन द्यायचं, म्हणजे सांगायला समोर माणूस लागतो हे मूल शिकतं. मोबाइल वापरायचा असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं अ‍ॅप मराठीत बोलतं. पण शाळेत मोबाइल पडेल, चार्जिंग संपेल, इतर मुलं ओढतील. पहिलीत कार्डंच बरी. कार्डांची सवय लागली तर तो बोलायचाच नाही, अशी भीती घरात कुणीतरी घालेल. तसं होत नाही. मागितलेलं मिळायला लागलं की उलट काही मुलांचे शब्दही वाढतात.

त्यानंतर शाळा ओळखीची करणं. मे महिन्यात बाईंना किंवा मुख्याध्यापकांना विचारून रिकाम्या शाळेत जाऊन या, एकदा नाही, अनेकदा. रोज त्याच रस्त्यानं, त्याच फाटकातून. वर्गात त्याची बसायची जागा बाईंकडून ठरवून घ्या. भिंतीलगत, दारापासून लांब, फळा दिसेल अशी. जमिनीवर बसायचं असेल तर घरून एक छोटं आसन न्या, तेच कायम तिथे ठेवा, म्हणजे 'आपली जागा कुठली' हा प्रश्न रोज सकाळी नव्यानं पडणार नाही. शौचालयात जाऊन कडी लावणं, टमरेल भरणं, हात धुणं हे सगळं तिथेच करून घ्या. अंधार, वास, ओली फरशी यांतलं त्याला नक्की काय खुपतं ते तेव्हाच दिसेल. दिवा नसेल तर बाईंना आत्ताच सांगा. पँट इलॅस्टिकची शिवून घ्या, हूक आणि चेनशी झटापट करण्यात सहा वर्षांच्या कितीतरी मुलांची वेळ टळते, याची तर टळेलच.

गणवेश हातात आला की दोन-चारदा धुऊन मऊ करा, मानेजवळची पट्टी उसवून टाका आणि घरी थोडा थोडा वेळ घालायला द्या. शाळेतून मिळायला उशीर होणार असेल तर सवयीचे सुती कपडे चालतील का, हे आधीच विचारून ठेवा. बुटांचाही हट्ट नको.

घंटेबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण कुकरच्या शिट्टीवरून मला त्याचे कान कळले. त्याच्या मेंदूला आवाज आपल्यापेक्षा वेगळा पोचतो, काही आवाज खरोखर दुखतात. 'सवय होईल' म्हणून घंटेखाली उभं केलं तर सवय होत नाही, शाळेचीच भीती बसते. रिकाम्या शाळेत गेलात की त्याला टोल दाखवा, हात लावू द्या, तयार झाला तर हळूच त्यालाच वाजवू द्या. आपण स्वतः केलेला आवाज कमी घाबरवतो. मोबाइलवर त्याच टोलचा आवाज घेऊन घरी अगदी बारीक लावा, बंद करायचं बटण त्याच्याच हातात. आवाज वाढवायचा तो आठवड्या-आठवड्यानं आणि त्याचा चेहरा बघूनच. घंटेच्या आधी बाईंनी त्याला घंटेचं चित्र दाखवलं तर निम्मा त्रास वाचेल. यंत्रांवर काम करणारी माणसं कानांवर लावतात ते इअरमफ सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतात. परिपाठात प्रार्थना, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा लाउडस्पीकरवरून होत असेल, तर तेवढ्या वेळेपुरते लावू द्या. दिवसभर नकोत, नाहीतर बाईंचा आवाजही त्याच्यापर्यंत पोचणार नाही. परिपाठाला तो रांगेच्या शेवटी किंवा व्हरांड्यात उभा राहिला तरी चालेल, असं बाईंशी ठरवा.

आणि प्रवेशोत्सव. पहिलीच्या मुलांचं स्वागत आपल्याकडे हौसेनं होतं, फुलं, फुगे, कुठे लेझीम, कुठे ढोल-ताशे, पाहुण्यांची भाषणं. शिक्षकांची त्यामागची माया खरी आहे. पण तुमच्या लेकाला त्या दिवशी सगळं आटोपल्यावर न्या, किंवा दुसऱ्या दिवशी न्या. पहिलाच दिवस कान दाबून गेला तर दोन महिन्यांची मेहनत एका सकाळी जाईल.

दिवसाचा क्रम त्याला दिसू द्या. पुठ्ठ्याची एक पट्टी घ्या, तिच्यावर वरून खाली चित्रं लावा: फाटक, परिपाठ, वर्ग, सुट्टी, खिचडी, वर्ग, घर. प्रत्येक चित्रामागे वेलक्रो. एक गोष्ट झाली की चित्र काढून त्यानं स्वतः खालच्या 'झालं'च्या पाकिटात टाकायचं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांच्या पुढाकारानं १९७२ मध्ये अशा मुलांसाठी सुरू झालेल्या 'टीच' कार्यक्रमातून असे चित्रक्रम जगभरच्या वर्गांत गेले, आणि ते करायला पुठ्ठा, डिंक, मोबाइल एवढंच लागतं. शेवटचं घराचं चित्र कधीही विसरू नका. हे सगळं कधी संपणार आणि आई पुन्हा भेटणार की नाही, हे कळत नाही म्हणूनही अशी मुलं शाळेत आकांत करतात. 'आज बदल आहे' असंही एक कार्ड ठेवा, बाई रजेवर असतील किंवा शाळा लवकर सुटणार असेल तेव्हा ते सकाळी पट्टीवर लागलं पाहिजे. ही पट्टी आधी घरी वापरा. अंघोळ, नाष्टा, खेळ, झोप. म्हणजे शाळेत गेल्यावर पट्टी तरी ओळखीची असेल.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना काम द्या. शाळेचे, बाईंचे, वर्गाचे फोटो एका वहीत क्रमानं चिकटवा, खाली सोपी वाक्यं लिहा ('ही माझी शाळा. या माझ्या बाई. घर आलं की आजी भेटते.') आणि रोज रात्री आजीनं ती वही वाचून दाखवायची. नातवाला रोज जवळ घेऊन बसणाऱ्या आजीला त्याची अडचण आणि त्याची हुशारी दोन्ही दिसतात, ते तुमच्या-माझ्या समजावण्यानं होणार नाही. आणि कुणी 'आईनंच लक्ष दिलं नाही' म्हणालं, तर ते मनाला लावून घेऊ नका. गेल्या शतकात काही डॉक्टरही आईच्या थंडपणाला दोष देत होते. तो समज केव्हाच खोटा ठरला आहे. ऑटिझम जन्मापासूनच्या मेंदूच्या जडणघडणीत असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

ही झाली मुलाची तयारी. तेवढीच बाईंची आणि वर्गाची व्हायला हवी. तुम्ही पत्रात विचारलंत, 'त्याच्याकडून काय करून घेऊ?' सगळा भार सहा वर्षांच्या पोरावर टाकू नका, ताई. बाईंच्या हातात एक पान द्या, एकच, कारण दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षिकेला फाइल वाचायला वेळ नसतो. त्यात डॉक्टरी भाषा नको. साधारण असं लिहा:

'मला पाणी हवं असलं की मी नळाचं चित्र देतो. मी गाडीची घोषणा म्हणायला लागलो की समजा, मला इथून बाहेर जायचंय. लांबून हाक मारली तर मी वळेनच असं नाही, जवळ येऊन सांगा, एका वेळी एकच गोष्ट सांगा. मागून अचानक हात लावला की मी दचकतो. कान दाबले की मला दोन-तीन मिनिटं व्हरांड्यात जाऊ द्या. मी तुमच्याकडे बघत नसलो तरी ऐकत असतो. फळ्यावर तारीख लिहायचं काम मला खूप आवडेल.'

तुमच्या लेकाचं जे खरं असेल ते लिहा. घोषणांकडे जरा लक्ष द्या, कुठली ओळ तो कधी म्हणतो याची आठवडाभर नोंद ठेवा. ती निरर्थक बडबड समजून गप्प बसवू नका, त्यात बहुतेक वेळा अर्थ असतो आणि तो अर्थ आईलाच आधी कळतो. बाईंना हेही सांगा की 'माझ्याकडे बघ' आणि 'हात हलवू नकोस' या दोन सूचना त्याला नकोत. डोळ्यांत बघायचं म्हटलं की अशा मुलांची सगळी शक्ती त्यातच जाते, ऐकायचं राहून जातं. हात फडफडवून तो स्वतःला सावरतो, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. वर्गात बसणं दहा मिनिटांनी सुरू करा. मग बाईंनी त्याला काम सांगायचं, खडूची पेटी ऑफिसात देऊन ये, असं. हालचाल होते, आणि तो वर्गाच्या उपयोगी पडतो हे बाकीची मुलंही बघतात. उपयोगी पडणाऱ्या मुलाची मैत्री लवकर होते.

मुलांना काय सांगायचं? दोन वाक्यं. 'याला मोठा आवाज टोचतो. तो चित्रं देऊन बोलतो, चित्र दिलं की ते मला आणून द्या.' पहिलीची मुलं एवढ्यावर समजून घेतात. पण वर्गातल्या एखाद्या समजूतदार मुलीला वर्षभर त्याची राखण करायला बसवणं, हे मी फार ठिकाणी पाहते आणि मला ते मुळीच मान्य नाही. तीही शाळेत शिकायला आणि खेळायलाच आली आहे. जोडीदार आठवड्याला बदलत राहू द्या, मुलगेही घ्या.

कधीतरी तो कोसळेल, म्हणजे रडणं, ओरडणं, डोकं आपटणं. तो हट्ट नसतो. हट्टी मूल मधूनमधून आपल्याकडे बघतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. कोसळलेल्या मुलाला हवी ती वस्तू दिली तरी थांबता येत नाही. तेव्हा बाईंनी बोलणं कमी करायचं, बाकीच्या मुलांना बाजूला घ्यायचं, त्याला ठरलेल्या शांत कोपऱ्यात बसू द्यायचं, जवळ राहायचं. समजावणं, शिक्षा, प्रश्न काहीच नको. कुणीही व्हिडिओ काढायचा नाही, हे मुख्याध्यापकांकडून सगळ्यांना सांगून ठेवा.

कालव्याची तुमची धास्ती रास्त आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ देऊ नका. ऑटिझम असलेली बरीच मुलं न सांगता निघून जातात, अनेकांना पाण्याची ओढ असते, आणि बुडण्याचा धोका त्यांना खरोखर जास्त आहे. शाळेच्या तासांत फाटकाला कडी हवी, हे प्रवेश घेतानाच लेखी द्या, शाळा व्यवस्थापन समितीतही विषय काढा. सुट्टीत आणि खिचडीच्या वेळी त्याच्यावर नजर कुणाची, हे नाव घेऊन ठरवा. 'सगळ्यांचंच लक्ष असतं' म्हणजे कुणाचंच नसतं. शर्टाच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाइल नंबर शिवून टाका. तो दिसला नाही तर आधी वर्ग आणि शौचालय शोधत बसायचं नाही, आधी कालव्याकडे धावायचं, हे शाळेतल्या प्रत्येकाला, खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही, माहीत हवं.

खिचडी त्यानं खाल्लीच पाहिजे असं नाही. डब्यात त्याला चालतं तेच द्या. नवी चव आणि नवी जागा एकाच वेळी नको.

कागदांचं थोडक्यात. शाळेला सांगून यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत त्याची नोंद विशेष गरजा असणारं मूल म्हणून करून घ्या. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांनी शाळेला भेट द्यावी असा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत द्या. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी होते, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. तिथे ऑटिझमसाठी आयएसएए ही चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व नोंदलं गेलं की सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्याच कायद्यानं मिळतो. पण प्रवेशासाठी कार्डाची वाट बघत थांबू नका.

बाई म्हणाल्या तसं सुरुवातीला सोबत बसा, पण किती दिवस आणि कसं बाजूला व्हायचं हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. आधी त्याच्या शेजारी, मग वर्गाच्या मागे, मग व्हरांड्यात, मग फाटकाबाहेर, मग घरी, फोन जवळ ठेवून. आई शेजारी बसली की बाई आईशीच बोलतात आणि मूल आईचंच राहतं, म्हणून पहिल्या दिवसापासून सूचना बाईंनीच द्यायची, तुम्ही नाही. चोरून निघून जाऊ नका. पट्टीवर 'आई घरी'चं चित्र लावून, दाखवून जा. वेळही एकदम पूर्ण नको. परिपाठ झाल्यावर यायचं आणि खिचडीच्या सुट्टीला घरी, एवढं आधी सुखाचं होऊ द्या.

आणि एखाद्या सकाळी तो निघायलाच तयार होणार नाही. त्या दिवशी ओढून नेऊ नका, पण लगेच सुट्टीही देऊ नका. आदल्या दिवशी काय वेगळं घडलं ते बाईंना फोन करून विचारा. जागा बदलली होती का, कुणी चित्रं घेतली का, लाउडस्पीकर होता का. कारण सापडलं की ते दूर करून त्याच दिवशी तासाभरासाठी तरी नेऊन आणा. दिवाळीच्या सुट्टीनंतर असं पुन्हा होईल, घाबरू नका. सुट्टी संपायच्या चार-पाच दिवस आधी पट्टी आणि फोटोंची वही पुन्हा बाहेर काढा, आणि शाळेच्या फाटकापर्यंत रोज एक फेरी मारून या.